कलम सात : निरुद्देश बसणे

तो बाकावर बसला तेव्हा मी काचेच्या आत होते. आमच्यात अंतर किती, तर एक काच, दोन पावलं आणि नगरपालिकेचं एक धोरण.

खरं तर तो ते बाक हटवायच्या यादीत घालायला आला होता. गळ्यात मोजपट्टी, खांद्यावर बॅग, काखेत पॅड, पॅडला चिमट्यात अडकवलेला तक्ता. त्याने बाक आधी लांबीत मोजलं, मग रुंदीत, मग पदपथाच्या कडेपासून. वाकून खालचे बोल्टसुद्धा मोजले. चार. मग चष्मा काढून बाजूला ठेवला, रुमालाने तोंड पुसलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं… आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

मी फोटो काढला. तुम्ही नसता काढला?

खाली लिहिलं : "पालिकेचा माणूस. बाक हटवायला आलाय. सध्या बसलाय. उद्देश अज्ञात." आणि टाकून दिला ब्लॉगवर.

तेवढ्यात नेहमीचे पोस्टमनकाका आले. अठ्ठावीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले, रोज सकाळी याच बाकावर बसणारे. मोजपट्टीवाला त्यांना जागा द्यायला अदबीने बाजूला सरकला – थेट स्वतःच्या चष्म्यावर.

आवाज मला काचेच्या आत ऐकू आला. चष्म्याच्या धंद्यात तो आवाज ओळखता येतो.

*

ब्लॉगबद्दल थोडं. त्याचं नाव 'उगाच'. वाचक एकेचाळीस. त्यातला एक माझा मामा, जो रोज वाचतो आणि कधीच कबूल करत नाही. तिथे मी नगरपालिकेच्या धोरणांवर लिहिते, निवडणुकीतल्या भाषणांवर लिहिते, आणि त्या आठवड्यात इंटरनेटवर सापडलेल्या एखाद्या फालतू गोष्टीवर लिहिते. शिंकणारं कासव. एकाच माणसाने रोज मोजलेली स्वतःच्या भुवईची लांबी. सगळं एकाच नोंदीत. लोक म्हणतात, विषय वेगळे कर. मला नाही जमत. धोरण काय, कासव काय, दोघांचीही अपेक्षा एकच असते : तुम्ही सात सेकंद बघावं आणि अंगठ्याने वर सरकवावं.

मी सरकवत नाही. माझा स्वभावच तसा. मी मसुदा शेवटच्या पानापर्यंत वाचते. 'मोकळे पदपथ धोरण'सुद्धा वाचलं. कलम सात : "पदपथावरील निरुद्देश बसणे कमी करण्याच्या दृष्टीने बाके टप्प्याटप्प्याने हटविण्यात येतील." हरकती व सूचना तीस दिवसांत.

मी हरकत घेतली. अर्थात.

*

"काचा ठीक आहेत," दुकानात येऊन तो म्हणाला. "नुसती काडी गेलीय."

"काचाही गेल्यात. तुम्हाला दिसत नाहीये, म्हणून ठीक वाटतायत."

मामा गल्ल्यामागून खोकला, म्हणजे हसलाच.

मी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, उंच खुर्चीत बसवलं, नाकावर ती जाड गोल तपासणीची फ्रेम चढवली. ती घालून आजवर कुणीही देखणं दिसलेलं नाही. तो… बरा दिसत होता.

"शेवटचा नंबर कधी काढला होता?"

"चार वर्षं झाली असतील, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही. नजर तपासते फक्त. काम काय करता?"

"वाचतो."

"काय?"

"हरकती," तो म्हणाला. "लोक हरकती पाठवतात, मी वाचतो, पुढे शेरा लिहितो. नकाशे, मोजणी ते पण माझ्याकडेच."

माझा हात काचांच्या डब्यात थांबला. "सदतीस नंबरची हरकत वाचली असेल मग."

अंधारात तो थोडा पुढे वाकला. मग खालच्या आवाजात, पाठ म्हटल्यासारखं : "'कलम सातप्रमाणे निरुद्देश बसणे कमी करायचे असल्यास सभागृहातील खुर्च्यांपासून सुरुवात करावी.'" आणि थांबून, "तुम्ही?"

"मी. शेरा काय दिलात?"

"नोंद घेतली."

"कुठे?"

"…म्हणजे?"

"नोंद घेतली ना. मग कुठल्या वहीत घेतली? ती वही बघता येईल?"

त्याने फ्रेम नाकावर सरळ केली. मी एक काच लावली, काढली, दुसरी लावली. "पहिली बरी की दुसरी?"

"परत दाखवा."

"पहिली… दुसरी."

"परत."

"एवढा काही फरक नाहीये त्यांच्यात."

"माहितेय," तो म्हणाला. "तरी परत दाखवा."

मग डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर घ्यायचं होतं. ते घेताना समोर बसावं लागतं, नाकासमोर नाक, पट्टी त्याच्या भुवयांखाली धरून. एरवी दिवसातून वीस वेळा करते मी हे. काही वाटत नाही.

"माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा."

त्याने बघितलं.

"आता उजव्या."

तेही बघितलं. फार नीट बघितलं. मोजणारा माणूस तो.

"किती?" त्याने विचारलं.

मी आकडा वाचायचा विसरले होते. पुन्हा घ्यावा लागला. चौसष्ट मिलिमीटर.

*

दुसऱ्या दिवशी 'उगाच'वर मी एक चाचणी टाकली. इंटरनेटवर असतात ना तसल्या, तुम्ही कोणती भाजी आहात, मागच्या जन्मी कोणता प्राणी होतात.

*तुम्ही कसले नागरिक आहात?*
*रस्त्यात बाक दिसलं की तुम्ही :*
*अ) बसता*
*आ) फोटो काढता*
*इ) मोजता*
*उत्तर 'इ' असेल तर : आपली नजर तपासून घ्यावी.*

जेवणाच्या सुट्टीत खाली एक प्रतिक्रिया आली. नाव : मोजपट्टी. मजकूर : "माझं उत्तर अ. तुमचं आ, मला माहितेय. चष्मा कधी मिळेल?"

घास घशात अडकला. मामाने पाणी पुढे केलं आणि विचारलं, "काय झालं, सरकार पडलं?"

*

चार दिवसांनी तो चष्मा न्यायला आला, तोवर ती पाठ माझ्या हातून गेली होती. म्हणजे फोटोतली पाठ. कुणीतरी ती कापून चंद्रावर बसवली. कुणीतरी समुद्राकाठी. कुणी परीक्षेच्या वर्गात, कुणी शाही दरबारात राजाच्या शेजारी. सगळीकडे खाली तेच शब्द : उद्देश अज्ञात. एकेचाळीस वाचकांचे किती झाले ते मी बघायचं सोडून दिलं. एरवी मी असल्या गोष्टींवर पोट धरून हसते. या वेळी दर नवं चित्र मी उघडलं की लगेच बंद करत होते.

"चंद्रावरचं चांगलंय," तो म्हणाला. "फक्त सावली चुकीच्या बाजूला पडलीय."

"कसं कळलं तुम्हाला, मीच काढला ते?"

"फोटोच्या कोपऱ्यात तुमच्या दुकानाची उलटी अक्षरं आहेत. आणि कोन. मोजणी करतो मी, कोन कळतो." त्याने नवा चष्मा चढवला, इकडेतिकडे पाहिलं. नजर माझ्यावर येऊन थांबली. "अच्छा. अशा दिसता होय."

"आता काढून टाकते तो. आधीच टाकायला नको होता. न विचारता…"

"विचारलं असतं तर मी पोट आत घेऊन बसलो असतो."

"चेष्टा नको. ऑफिसात ओळखलं तर?"

त्याने खांद्यावरची बॅग पुढे घेतली. तुटलेला पट्टा फायलीच्या लाल फितीने बांधलेला होता. फोटोत तो चांगला ठळक दिसत होता. "ओळखलंय," तो म्हणाला. खिशातून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला.

*कारणे दाखवा नोटीस. आपण कर्तव्यावर असताना, कार्यालयाच्या धोरणाच्या विषयवस्तूवर बसून, कार्यालयाची प्रतिमा मलिन केली. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सेवेतून कमी का करण्यात येऊ नये…*

मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी अक्षरं हलायला लागली. नजर तपासणाऱ्या बाईची ही गत.

"साहेबांनी तोंडी सांगितलंय," तो म्हणाला, "ब्लॉगवालीने फोटो काढून टाकला, फोटो खोटा होता असं लिहिलं आणि हरकत मागे घेतली, तर नोटीस फाडून टाकू."

"झालं तर मग." मी फोन उचलला. खरंच उचलला. हरकत मला प्यारी होती, पण एका माणसाच्या पोटापेक्षा नाही. "आत्ताच करते."

त्याने माझ्या फोनवर हात ठेवला. फोनवर. माझ्या हातावर नाही. पण बोटं काही फार लांब नव्हती.

"फोटो खोटा होता का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग तुमची नोकरी जाईल."

"नोकरी माझी आहे. बसलोही मीच होतो." तो हसला नाही. पहिल्यांदाच हसला नाही. "सहा वर्षं मी 'नोंद घेतली'चा शिक्का मारतोय. हो, शिक्काच आहे, लिहीत नाही मी. या एका धोरणावर दोनशे चौदा हरकती, दोनशे चौदा शिक्के. 'कुठल्या वहीत' असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी घरी गेलो आणि… झोपच नाही आली. वही नाहीये. कुठेच नाहीये वही."

मामा मागे भिंग पुसत होता. एकच भिंग, बराच वेळ.

"काढू नकोस तो फोटो," तो म्हणाला. तुम्हीचं तू झालं होतं, आणि दोघांनीही त्यावर हरकत घेतली नाही.

*

खुलासा त्याने माझ्या काउंटरवर उभं राहून लिहिला. मी म्हटलं, नीट लिही, नियमांचा आधार दे, माफीचं एखादं वाक्य घाल. त्याने घातलं नाही. संपूर्ण खुलासा असा :

*कारण : पाय दुखत होते. बाक होतं. बसलो.*

खाली सही, तारीख.

"एवढंच?"

"कारण विचारलंय. हेच कारण आहे."

त्याच्या परवानगीने – या वेळी विचारून – तो कागद मी 'उगाच'वर टाकला. आणि गंमत म्हणजे लोकांनी त्याला चंद्रावर नेलं नाही. कुणीच चेष्टा केली नाही. लोक खाली आपापली कारणं लिहायला लागले. *गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सातवा महिना आहे. बस वेळेवर येत नाही. घरात सगळे बोलतात, इथे कुणी बोलत नाही.* एकाने लिहिलं, *काही कारण नाही.* त्याला सगळ्यात जास्त लोकांनी पसंती दिली होती.

*

सुनावणीची वेळ ठेवली होती कामाच्या दिवशी सकाळी साडेदहा. जागा : पालिकेचा तिसरा मजला. लिफ्ट नाही. म्हणजे गुडघेवाले येणारच नाहीत याची सोय. नियम असा की प्रत्येक हरकतदाराला बोलायची संधी द्यायची, आणि कुणी आलंच नाही तर 'हरकतदार अनुपस्थित' लिहून विषय संपवायचा. आजवर तसंच संपवत आले होते.

मी मामाला म्हटलं, "दुकान अर्धा दिवस बंद ठेवूया?"

"धंदा करायचाय की राजकारण?" मामा म्हणाला, आणि शटर ओढलं.

पोस्टमनकाका जिन्यावर तीन वेळा थांबले. "अख्खी नोकरी जिने चढण्यात गेली," ते म्हणाले, "हा शेवटचा." वर पोचलो तेव्हा दारात माणसं उभी होती. पस्तीस-चाळीस तरी. एका बाईने घरून घडीची खुर्ची आणली होती, कारण, ती म्हणाली, "इथे बसायला देतील याचा काय भरवसा?"

लांब टेबल. पलीकडे साहेब. साहेबांच्या डाव्या हाताला तो, इतिवृत्त लिहायला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नवा चष्मा नाकावर सरळ. मीच बसवला होता, म्हणून सांगते.

"हरकत क्रमांक सदतीस," साहेब म्हणाले. "तुम्हीच का त्या ब्लॉगवाल्या? तुमची हरकत वाचली. विनोदी आहे."

"धन्यवाद. शेराही वाचला. तोही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा मात्र ढिम्म. "मॅडम, तुमच्या हरकतीची नोंद घेतलेली आहे."

"तेच विचारायला आलेय. कुठे?"

"फाईलमध्ये."

"फाईलमध्ये शिक्का आहे. मी काय म्हटलं, त्यावर कुणी काय विचार केला, कलम सातमध्ये एक शब्द तरी बदलला का, ते कुठे लिहिलंय?"

साहेब डावीकडे वळले. "दाखवा हो यांना."

तो उठला. फाईल उचलली नाही. पेनाला टोपण लावलं, इतिवृत्ताची वही बंद केली, ती साहेबांसमोर सरकवली. मग टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला आला. चौदा पावलं. नंतर त्यानेच सांगितलं.

"साहेब, तशी नोंद नाही," तो म्हणाला. आवाज थोडा कापत होता. "सहा वर्षांत कधीच नव्हती. मी शिक्के मारलेत, मला माहितेय. आज मुदतीचा शेवटचा दिवस आहे. माझी हरकत घ्या. क्रमांक दोनशे पंधरा. मी या शहरात राहतो, माझे पाय दुखतात."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त घडीची खुर्ची आणणाऱ्या बाईने ती उघडली, त्याच्यापाशी ठेवली आणि म्हणाली, "बस बाळा."

तो बसला. पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, साहेबांसमोर. पाठ माझ्याकडे. या वेळी मी फोटो काढला नाही. फक्त त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि त्या पाठीवर हात ठेवला.

*

जिंकलो का, असं विचाराल, तर हिशेब असा : कलम सात पुनर्विचारासाठी मागे घेतलं गेलं. शहरातली एकशे नव्वद बाकं वाचली. आमचं नाही. आमचं पुनर्विचाराच्या आदल्या रात्री 'दुरुस्तीसाठी' उचललं गेलं. सकाळी पदपथावर फक्त चार भोकं. त्याला नोकरीतून काढलं नाही, इतकी माणसं बघत असताना जमलं नसावं. बदली केली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या नकाशांच्या गोदामात. दोन बस बदलून जायचं, दोन बस बदलून यायचं.

दुसऱ्या बसचा थांबा आमच्या दुकानासमोर आहे. मी काही म्हणत नाही, थांबा तिथेच आहे एवढंच.

पहिल्या संध्याकाळी तो उतरला, चार भोकांकडे बघत उभा राहिला. पोस्टमनकाका भिंतीला टेकून उभे. मी दारात. आणि आमचा सावध मामा, ज्याने आयुष्यात कधी कुठल्या अर्जावर पहिली सही केली नाही, तो आतून गिऱ्हाइकांच्या दोन खुर्च्या घेऊन बाहेर आला. मग आणखी दोन. बरोबर चार भोकांवर मांडल्या.

"या जमिनीला ठोकलेल्या नाहीत," तो म्हणाला. "बाकाच्या व्याख्येत बसत नाहीत. मी मसुदा वाचलाय."

"कुठे वाचलास?" मी विचारलं.

"उगाच," मामा म्हणाला, आणि आत गेला.

आम्ही बसलो. तो, मी, काका. चौथी रिकामी. रोज बसायला लागलो. आठवडाभराने पालिकेचा मुकादम आला. बिचारा भला माणूस, हातात छापील फॉर्म. काकांसमोर उभं राहायला त्याला लाज वाटत होती, म्हणून तो आमच्या दोघांपुढे आला.

"माफ करा हं. वरून आलंय. पदपथावर खुर्च्या मांडल्या तर उद्देश लिहून घ्यायचाय." त्याने पेन पुढे केलं. "काहीही लिहा हो. चष्मा तयार होतोय, असं लिहा."

"खोटं कशाला लिहायचं?" तो म्हणाला, पेन घेतलं, आणि त्याच्या त्या मोजक्या, सरळ अक्षरात लिहायला लागला. मी वाकून वाचलं.

*उद्देश : लग्नाचं विचारणे.*
*कालावधी : लागेल तेवढा.*

रस्त्यावर बस थांबली, गेली. मुकादम आधी त्याच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग आकाशाकडे. काकांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला, उलटा.

"मला अजून विचारलेलंच नाहीयेस," मी म्हणाले.

"म्हणून तर रोज बसतोय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर हरकत घे. तीस दिवस आहेत." मग त्याचा आवाज उतरला, सुनावणीत कापला होता तसा. "पण मी शिक्का नाही मारणार. प्रत्येक शब्द वाचीन."

मी त्याचा चष्मा काढला. उगाच, पुसायला. काचा स्वच्छ होत्या, तरी पुसल्या. पुन्हा त्याच्या नाकावर ठेवला, कानामागे काड्या बसवल्या, आणि हात तिथून काढायची काही घाई केली नाही.

"माझ्या डाव्या डोळ्याकडे बघ," मी म्हणाले.

त्याने बघितलं.

"आता उजव्या."

मुकादम घसा साफ करत होता. "ताई, खाली तुमची पण सही लागेल. उद्देश मान्य असल्यास."

मी त्याच्या हातातून पेन घेतलं.